उघडा जोड

दादाचे दोन नियम होते. सायकलची मोडलेली फ्रेम जोडली की जोडावर रंग मारायचा नाही, तो उघडा ठेवायचा. आणि दौलताबादच्या पुढचा घाट त्याच सायकलवर स्वतः चढून, स्वतः उतरून आल्याशिवाय ती फ्रेम विकायची नाही. या दोन नियमांवर आमचं घर काही वर्षं चाललं आणि याच दोन नियमांनी आमची निम्मी गिऱ्हाइकं पळवून लावली. विकायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं पळणाऱ्या गिऱ्हाइकाची पाठ बघायचं कामही माझ्याकडंच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सिडकोतल्या आमच्या छोट्या रो-हाऊसमध्ये आम्ही तिघं राहायचो, आई, दादा आणि मी. वडील तहसील कचेरीत कारकून होते, त्यांच्या आधीच्या पिढ्या पंचांग आणि पूजा सांगत फिरल्या. हातात हत्यार धरणारा घराण्यातला पहिला माणूस दादा. डिप्लोमा करून तो वाळूजला एका फायबरच्या कारखान्यात लागला. तिथं पाण्याच्या टाक्या व्हायच्या. दुष्काळ पडला की आमच्याकडं पगार वेळेवर यायचा, कारण सगळ्या शहराला टाकी हवी असायची. पुढं प्लास्टिकच्या टाक्या स्वस्त झाल्या आणि ऐन दुष्काळात टाक्यांचा कारखाना बंद पडला. असला योग आमच्याच नशिबी. मी त्याच सुमारास सासरहून परत आले होते, कायमची, आणि एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटले होते. एका घरात दोन परत आलेली माणसं. आई भाजीत तेल कमी घालायला लागली.

सायकलींचं सुरू झालं ते कारखान्यातल्या एका जुन्या साहेबांमुळं. त्यांची महागडी सायकल गाडीच्या कॅरियरवरून पडून मोडली होती. ती घेऊन ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, "फायबरच आहे ना शेवटी? बघा काही होतंय का." दादानं ती उचलली आणि त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. फ्रेम म्हणजे सायकलीचा नुसता सांगाडा, चाकं-पायडल काढून टाकल्यावर उरतो तो. ती लोखंडाची नव्हती, ॲल्युमिनियमचीही नव्हती. कार्बनच्या काळ्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे सुकल्यावर कडक होणाऱ्या चिकट रसायनात भिजवून, थरावर थर बसवून कडक केलेली नळी. दोन बोटांवर उचलता येत होती. टाक्यांचं रेझिन इथं चालणार नाही हे दादाला पहिल्याच प्रयत्नात कळलं, कारण जोड एका धक्क्यात सुटला. मग त्यानं दुसरं रेझिन मागवलं, कापड मागवलं, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवे लावून उष्णता दिली, आणि चौथ्या का पाचव्या खेपेला ती नळी धरली ती धरलीच.

त्यानंतर पुण्या-मुंबईहून मोडक्या फ्रेमा यायला लागल्या. तिकडचे लोक सायकल जराशी तडकली की घाबरतात आणि मिळेल त्या भावात काढून टाकतात. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, जुन्या चादरीत गुंडाळून फ्रेम क्रांती चौकात उतरायची. मी ऑफिसला जाण्याआधी स्कूटरवर जाऊन घेऊन यायचे. पहिल्यांदा ती खांद्याला अडकवून आणली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय गं, सायकलीचं मढं?" फार चुकीचं नव्हतं ते.

शहर तेव्हा नुसतं सुटलं होतं. पाट्यांवर अजून औरंगाबादच होतं, पण बीड बायपासला जिथं ज्वारी उभी असायची तिथं दहा-दहा मजले उभे राहत होते. त्या मजल्यांवर राहायला आलेले डॉक्टर, कारखान्यांतले मॅनेजर, कॉम्प्युटरवाले रविवारी सकाळी अंगाला चिकटणारे कपडे घालून दौलताबादला सायकली घेऊन जायचे, पोहे खायचे, फोटो काढायचे आणि परत यायचे. नवी कार्बनची सायकल त्यांच्याही खिशाला जड जायची, म्हणून आमच्याकडं यायचे. जाहिरात मी लिहायचे. पहिल्याच ओळीत लिहायचे की फ्रेम मोडलेली होती, अमुक ठिकाणी जोडली आहे. दादाची तशी ताकीदच होती.

फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे ॲक्सिडेंटची आहे का?" हो. "आधी नक्की काय झालं होतं?" कसं झालं, कुणाच्या हातून झालं, आता तर काही त्रास नाही ना, आणि मग एवढं करून त्यांनी का नाही ठेवली? हे सगळे प्रश्न मला माझ्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा विचारून झाले होते, त्यामुळं मी न अडखळता उत्तरं द्यायचे. ते लग्न काही जमलं नाही. फ्रेमा तरी अधूनमधून जमायच्या.

गिऱ्हाईक घरी आलं की खिशातून नाणं काढायचं. इंटरनेटवर बघून आलेलं असायचं. कार्बनच्या नळीवर नाणं ठोकत न्यायचं, आवाज टणक आला तर नळी धड, बद्द आला तर आतून थर सुटलेले. नाणं ठोकत ठोकत माणूस जोडापाशी यायचा, आवाज जरा बसायचा, आणि त्याचा चेहरा पडायचा. दादा शांतपणे नाणं स्वतःच्या हातात घ्यायचा.

"जोडावर आवाज बसणारच. इथं कापडाचे थर जास्त आहेत, नळी जाड झालीय. आता हे ऐका." मग तो कोपऱ्यात ठेवलेली एक खरोखर फुटकी फ्रेम वाजवून दाखवायचा. "हा मेलेला आवाज. आणि हा नुसता बसलेला. फरक कळतोय?"

बहुतेकांना कळायचा नाही. मलाही कळायला वर्ष गेलं. दादा म्हणायचा, कान तयार व्हावा लागतो. गिऱ्हाइकाला कान तयार करायला वेळ नसतो. ते म्हणायचं, "रंग देऊन टाका ना वरून, दिसायला बरं दिसेल." तिथं दादा ताठ व्हायचा. "रंगाखाली काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, तुमच्यानंतर घेणाऱ्यालाही कळणार नाही. तो पोरगा घाटात पडला तर?" मी मागून डोळ्यांनी खुणावायचे, जाऊ दे ना, दे रंग. तो माझ्याकडं बघायचाच नाही. राग यायचा मला. जगात सगळ्यांनी रंग मारलेला आहे, आपणच कोण लागून गेलो, असं मी त्याला कितीदा तरी म्हटलं असेल.

शेवटी गिऱ्हाईक विचारायचं, "तुम्ही चालवून बघितलीय?" आणि इथं दादा जिंकायचा. "घाट चढून, घाट उतरून आलोय कालच. उतारावर वळणात ब्रेक दाबून बघितलाय. बारीकसुद्धा आवाज नाही." हे तो असं म्हणायचा की पुढं विचारायला काही उरायचंच नाही. ज्या काही फ्रेमा विकल्या, त्या मी नाही विकल्या, या वाक्यानं विकल्या.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथंच बिनसलं.

जोड सुकला की तो घासून सारखा करायचा असतो. त्याला वॉटर पेपर नावाचा खरखरीत कागद वापरतात, आणि तो पाण्यात बुडवून वापरायचा असतो, म्हणजे कार्बनची भुकटी पाण्याबरोबर खाली वाहून जाते, हवेत उडत नाही. दादाला हे माहीत होतं. कारखान्यात तो दुसऱ्यांना हेच शिकवायचा. पहिली वर्षं तो पाणी घेऊनच घासायचा. आई डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याच्यासाठी बादलीत साठवून ठेवायची. ते काळं झालेलं पाणी निवळलं की वरचं पुन्हा वापरायचा.

मग तो उन्हाळा आला. धरणात पाणी उरलं नव्हतं, उरला होता तो गाळ. नळ कधी येईल त्याचा नेम नव्हता. आमच्या घरात अंघोळीचं पाणी परातीत धरून त्याच्यात कपडे भिजवायचे, कपड्यांच्या पाण्यानं फरशी पुसायची, आणि उरलेलं संडासात. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना जायला लागलं. आई ड्रमवर झाकण ठेवून झाकणावर पाटा ठेवायची, कुणी सहज हात घालू नये म्हणून. त्या उन्हाळ्यात एकदा टँकर आला तेव्हा दादा गच्चीवर होता. खाली बायका हंडे, डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन टँकरमागं पळत होत्या. आमची आईही त्यांत होती, त्या वयात. दादा खाली आला, तिच्या हातातला हंडा घेतला, वर चढवला. आणि त्या दिवसापासून त्यानं शेडमध्ये पाणी नेलं नाही.

मी विचारलं तर म्हणाला, "लोकांना प्यायला नाही आणि मी सायकलीवर ओतू?"

आम्हाला ते पटलं. आईला तर अभिमान वाटला. तिनं शेजारी सांगितलंसुद्धा. नाकाला ओला रुमाल बांधून तो कोरडंच घासायचा. पत्र्याखाली रुमाल वाळायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी खाली यायचा तेव्हा पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर काळी बारीक भुकटी चमकायची. कोपरापर्यंत खाज सुटलेली असायची. एका तांब्यात हात, तोंड, मान सगळं धुवायचा आणि तळाशी उरलेलं थोडं पाणी कुंडीत घालायचा. नावातच पाणी असलेला कागद हा माणूस कोरडा वापरतो म्हणून मी त्याला चिडवायचे. तोही हसायचा.

पुढं पाऊस झाला. धरण भरलं, दरवाजे उघडले. सगळं शहर पैठणला पाणी बघायला लोटलं, आम्हीही एसटीनं गेलो. तुषार अंगावर येत होते. आईनं पदर भिजू दिला. दादा कठड्याला धरून बराच वेळ उभा होता आणि एवढंच म्हणाला, "केवढं पाणी आहे." मग भजी खाऊन आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी दादा शेडमध्ये गेला आणि त्यानं कोरडं घासायला सुरुवात केली.

धरण भरल्यानं आमच्या नळाला काही फरक पडला नव्हता. शहर चौपट झालं होतं आणि पाण्याची वाहिनी जुनीच, फुटकी. नळाचा वार पहिल्यासारखाच लांब. टँकर मात्र दुष्काळ संपल्यावरही येतच राहिले, नुसते विकत झाले. पण खरं सांगायचं तर तेव्हा दादाच्या घासण्यापुरतं एक बादली पाणी घरात होतं. रोज होतं. त्याला ते घ्यायचं सुचलंच नाही, आणि आम्हाला द्यायचं सुचलं नाही. दुष्काळात लागलेली सवय आमच्या हाडांत गेली होती. पाणी वाचवणारा माणूस चांगला, एवढंच आम्हाला कळत होतं. कितीतरी फ्रेमा त्यानं तशाच घासल्या.

खोकला आला तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. सगळं शहरच खोकत होतं. पाइपलाइन टाकायची म्हणून रस्ते उकरलेले, पूल बांधायचा म्हणून दुसरे उकरलेले, धुळीनं झाडंसुद्धा भगवी झालेली. आईनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिला. घाट चढून यायला दादाला आता दुपार व्हायची. दौलताबादच्या पेरूवाल्यांपाशी तो टेकायला लागला, आणि तिथून पेरू घेऊन यायचा, म्हणजे पेरू घ्यायलाच थांबलो होतो असं दाखवता यावं. आमच्याकडं पेरूंचा ढीग साठायला लागला तेव्हा मी त्याला ओढून छातीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी त्याला पाठमोरं बसवलं. पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकत ठोकत ते खाली यायला लागले. दादानं मान किंचित कलती केली. ती मान माझ्या ओळखीची होती, नळी ठोकताना तो अशीच करायचा. बोटं खाली आली आणि आवाज बदलला. मलाही ऐकू आला. दादा पुढं बघत म्हणाला, "तिथं बद्द आहे, ना?"

डॉक्टर थांबले. "तुम्ही काय काम करता?"

दादानं सांगितलं.

"कोरडं घासता?"

"पाणी कुठंय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. दवाखान्याच्या दारात त्यांचाही टँकर उभा होता. मग छातीचे फोटो काढले, मशिनमध्ये फुंकायला लावलं, आणि आम्हाला दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की फुप्फुस आतून कडक होत चाललंय, जे झालं ते भरून येणार नाही, पुढचं थांबलं तर बघू. ते थांबलं नाही.

दादानं घासणं बंद केलं, पण शेडमध्ये जोडून तयार असलेल्या फ्रेमा भिंतीवर टांगलेल्या होत्या. त्या घाट उतरलेल्या नव्हत्या, म्हणून विकायच्या नाहीत. मी म्हटलं, मी चालवते. तो म्हणाला, "तू शाळा सोडल्यापासून सायकलवर बसली नाहीस." मग म्हटलं, कुणीतरी चालवणारा बघू. तर म्हणाला, "दुसऱ्यानं चालवायची आणि शब्द मी द्यायचा?" मी चिडून म्हटलं, "शब्द चाटून औषधं येत नाहीत." त्यावर तो रागावला नाही. त्याला बोलायलाच दम लागत होता, रागवायला कुठून पुरणार? तो भिंतीकडं तोंड करून बसला. मला तेव्हा रडायला आलं, पण रडण्यासारखं काही झालंय असं त्याला वाटू नये म्हणून मी गच्चीवर कपडे काढायला गेले.

त्या भिंतीवर एक फ्रेम त्याची स्वतःची होती. गडद निळी, मोठ्या मापाची. खालची नळी मोडून आलेली. ती त्यानं विकायला घेतलीच नव्हती, सगळी कामं संपवून उरलेल्या वेळात स्वतःसाठी जोडली होती. तिच्या बाटलीच्या स्टँडचा एक स्क्रू हरवला होता, तिथं त्यानं देवघरातल्या जुन्या समईचा पितळी स्क्रू बसवला होता. आईनं समई हलते म्हणून केवढा गहजब केला होता. ही फ्रेम घेऊन तो वेरूळला जाणार होता, तिथून पुढं अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरपर्यंत, लेणी बघून मुक्काम करून परत. हे तो दर दिवाळीत म्हणायचा.

घरात ऑक्सिजनचं मशिन भाड्यानं आणावं लागलं तेव्हा नेमकं त्याच फ्रेमला गिऱ्हाईक आलं. पैठण रोडच्या पुढचा माणूस होता. त्याची जमीन नव्या औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि तो आता प्लॉटिंगच्या धंद्यात होता. शुगर निघाली म्हणून डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितलेली. उंचापुरा माणूस, त्याच्या मापाची फ्रेम भिंतीवर एकच. मी ती शेडमधून खाली आणली आणि त्यानं ती एका हातानं उचलली.

"आरं तिच्या! लई हलकी हाय की ही. ताई, हीच द्या."

मी दादाकडं बघितलं. तो नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पलंगावर बसला होता. मला वाटलं, नाही म्हणेल, आपली आहे म्हणेल. तो म्हणाला, "देऊ. पण ही अजून घाट उतरली नाही. पुढच्या रविवारी या."

"आवो, राहू द्या की. मी कुटं घाटात चाललोय? कॉलनीतल्या कॉलनीत फिरवायची मला."

"पुढच्या रविवारी," दादा म्हणाला.

तो माणूस गेल्यावर मी बोलणार तेवढ्यात दादाच म्हणाला, "चढायला दम लागतो. उतरायला कुठं लागतो?"

म्हणून आम्ही एक टेम्पो ठरवला. गुरुवारी सकाळी ऊन वर आल्यावर चाकं-ब्रेक चढवलेली सायकल मागं बांधली, दादा आणि आई पुढं ड्रायव्हरशेजारी, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर त्यांच्या पायाशी, आणि मी स्कूटरवर मागून. आईला नको म्हटलं होतं, ती ऐकेना. मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती, लग्नाला निघाल्यासारखी चांगली साडी नेसून. मिटमिटा गेलं, किल्ला गेला, घाट चढून टेम्पो खुलताबादच्या अलीकडं थांबला. दादानं नाकातली नळी काढून आईच्या हातात दिली. हेल्मेट घातलं. सायकलवर बसताना त्याला आधार लागला, पण एकदा बसल्यावर त्याची पाठ आपोआप वाकली आणि हात जागच्या जागी गेले. माझ्याकडं बघून म्हणाला, "लांबून ये. स्कूटरच्या आवाजात ऐकू येत नाही."

मी लांबून गेले. त्यानं पायडल मारलंच नाही. सायकल आपल्या आपण सुटली. पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, फ्रेमला मुद्दाम त्रास देत होता. वळणाच्या पलीकडं तो दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. मान किंचित कलती. शर्ट वाऱ्यानं फुगला होता, त्यामुळं तो पहिल्यासारखा भरलेला वाटत होता. मला एक मूर्ख विचार आला, की हा घाट असाच उतरत राहिला, पार समुद्रापर्यंत, तर दादाला काही होणार नाही.

घाट पेरूवाल्यांपाशी संपला. दादा थांबला, पण उतरता येईना. एक पाय टेकवून तो हँडलवर ओणवा झाला होता. ओठांचा रंग बदललेला. मी स्कूटर तशीच टाकून पळाले आणि त्याला धरलं. बरगड्या हाताला लागत होत्या आणि आत काहीतरी कोरडं घासल्यासारखं वाजत होतं. मागून टेम्पो आला, आई उतरली, तिनं नळी लावली. बऱ्याच वेळानं त्याला एवढंच बोलता आलं.

"आवाज नाही. दे त्याला."

रविवारी तो माणूस आला. दादानं त्याचं बोट धरून खालच्या नळीवरच्या उघड्या, काळ्या पट्ट्यावर ठेवलं. "इथं मोडली होती. इथं जोडलीय. विकलीत तर पुढच्याला सांगा."

"व्हय, व्हय, सांगतो की," तो म्हणाला. "लई इमानदार माणूस हाय तुमी."

त्या वर्षीचा उन्हाळा दादाला निघाला नाही. मशिन परत गेलं. भिंतीवरच्या बाकीच्या फ्रेमा मी विकल्या नाहीत. मला कुणी चालवून बघितली का विचारलं असतं तर काय सांगणार होते?

दोन-तीन वर्षांनी, शहराच्या पाट्या बदलून झाल्यावर, जालना रोडला एका जुन्या सायकलींच्या दुकानात मला ती दिसली. रंग निळाच, पण नवा, चकचकीत, सलग. खालच्या नळीवर काळा पट्टा नव्हता. मी आत गेले. बाटलीच्या स्टँडला पितळी स्क्रू तसाच होता.

"एकदम फ्रेश आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "कुठंच लागलेली नाही."

पर्समधून रुपया काढून मी नळीवर ठोकत गेले. टणक, टणक, टणक, आणि मग आवाज बसला. मेला नव्हता, नुसता बसला होता. दादाचा जोड अजून पक्का होता, आणि तो तिथं आहे हे आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"इथं जोड आहे," मी म्हटलं. "माझ्या भावानं केलेला. रंगाखाली."

त्यानं माझ्या हातातल्या नाण्याकडं बघितलं. "घ्यायची नसेल तर राहू द्या, ताई. पण मालाला नावं ठेवू नका. दुसरी गिऱ्हाइकं उभी आहेत." खरंच एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर मागं उभी होती. मी त्यांना सांगितलं, जोड चांगला आहे, पण जोड आहे. त्यांनी दुकानदाराकडं बघितलं, तो हसला आणि त्यानं कानशिलापाशी बोट फिरवलं. मुलीनं फ्रेम उचलून बघितली आणि तिला ती फार आवडली.

घरी आले तर नळ आला होता. आईला आता बादल्या उचलत नाहीत, ती दारात खुर्ची टाकून काय काय भरायचं ते सांगत होती. मी पिंप भरलं, टाकी भरली, हंडे, कळशा, तांबेसुद्धा भरले. तरी नळ चालूच.

"वरचाही भरून घे," आई म्हणाली.

मी पाइप गच्चीवर नेला आणि शेडमधला दादाचा ड्रम काठोकाठ भरला. ते पाणी कशालाच लागत नाही. पुढच्या वेळी नळ आला की मी ते ओतून देते आणि नवीन भरते.